ढग खाणारा मुलगा

सोमवारी सकाळी तिने कामाची यादी उघडली आणि तिसऱ्याच ओळीत ‘उडती ट्राम’ हे नाव दिसलं. आधी तिला हसू आलं, लहानपणीच्या लाडक्या नावाने कुणी भर ऑफिसात हाक मारावी तसं. मग ते विरलं. ती पाणी प्यायली, बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा प्यायली. जुने सिनेमे धुऊनपुसून थिएटरात पुन्हा लावणाऱ्या या कंपनीत ती अकरा वर्षं एकच काम करत होती. ज्यांना ऐकू येत नाही अशा प्रेक्षकांसाठी ती पडद्याच्या तळाशी अक्षरं लिहायची. कोण काय बोललं ते लिहायचं, आणि कुणी न बोलता जे वाजलं तेही लिहायचं. [दार करकरतं.] [लांबून कुत्रं भुंकतं.] [कुणीतरी जिन्यावरून धावत येतं.] एका वेळी दोन ओळी, त्याहून जास्त नाही. सहा सेकंदांच्या वर अक्षरं पडद्यावर ठेवायची नाहीत. आणि आपल्या पदरचं काही घालायचं नाही. हा शेवटचा नियम नव्या लोकांना तीच शिकवायची, आणि शिकवताना तिचा चेहरा असा काही साळसूद असायचा की कधीकधी तिला स्वतःलाच नवल वाटायचं. कारण पदरचं घालण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ही गोष्ट जगात तिच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत भुंग्याचा मेसेज आला. भुंगा म्हणजे तिचा धाकटा भाऊ. तो जन्मापासून ठार बहिरा, पण मजेत असला की त्याच्या घशातून बारीक गुणगुण निघायची. ती त्याला स्वतःला कळायची नाही, म्हणून घरात तो भुंगा झाला आणि चाळीशी आली तरी भुंगाच राहिला. मेसेजमध्ये थिएटराबाहेरच्या पोस्टरचा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘अक्षरांसकट लावतायत. रविवारी दुपारी. तिघांची तिकिटं काढली. तू, मी, पोरगी. नाही म्हणायचं नाही.’ शेवटी त्याने एक चित्र टाकलं होतं, ढगाचं, आणि त्याच्या शेजारी आ वासलेलं तोंड.  ते चित्र बघून तिने डबा बंद केला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर एक माणूस गाडी मागे घेत होता, दुसरा हातवारे करून त्याला वाट दाखवत होता, आणि तो दाखवत होता त्याच्या नेमकं उलट बाजूला गाडी चालली होती.

लहानपणी घरात या सिनेमाची कॅसेट होती, एकुलती एक. रविवारी दुपारी भांडी आवरली की आई ती मशीनमध्ये सरकवायची आणि सोफ्यावर मधोमध बसायची. तिच्या पायाशी, सतरंजीवर, ही दोघं. ही दहा वर्षांची, तो सहाचा. गोष्ट साधीच होती. शेवटच्या थांब्यावरून तीन भावंडं ट्राममध्ये चढतात, मिशाळ कंडक्टर चुकीची दोरी ओढतो, आणि ट्राम रूळ सोडून उडते ती थेट ढगांच्या राज्यात. तिथली राणी लोकांचे आवाज चोरून बरण्यांत भरून ठेवते. मोठ्या दोघांना ती अडकवून ठेवते, आणि त्यांना सोडवायला धाकटा आपला आवाज तिला देऊन टाकतो. मग सगळा वेळ तो मुका. पळापळ, नाच, गाणी, आणि शेवटी फडताळ कोसळतं, बरण्या फुटतात. ट्रामच्या पायरीवर उभं राहून धाकटा तोंड उघडतो आणि गातो. तो गायला लागतो तसे ढग विरत जातात आणि खाली त्यांचं शहर दिसायला लागतं. भुंग्याला यातलं जे दिसे ते दिसे, बाकीचं सांगायचं काम हिच्याकडे. एरवी घरात हातांना बंदी होती. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी आईला बजावलं होतं की मुलाला हातांची सवय लागली की तो जन्मात बोलायचा नाही, आणि आईने ते मनावर घेतलं होतं. आरशासमोर त्याला बसवून ती तासन्‌तास ‘आ’ आणि ‘ई’ करत राही. बहीणभावांनी मात्र टेबलाखाली, पांघरुणाखाली, शाळेच्या वाटेवर हातांची आपली अशी एक भाषा जमवली होती, आणि आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. फक्त रविवारी तेवढी सूट मिळायची. “सिनेमापुरते हात चालतील,” आई म्हणायची.

शेवटच्या गाण्याचा पहिलाच शब्द ‘आई’ असा होता. तो आला की आई सोफ्यावरून पुढे वाकायची, भुंग्याचं तोंड दोन्ही हातांत धरायची, आधी स्वतःकडे वळवायची, मग पडद्याकडे, आणि रडायला लागायची. हिला म्हणायची, “बघ, तो बोलला. त्याने आईला हाक मारली. सांग त्याला. तूसुद्धा बोलशील म्हणावं. सांग ना गं.” आणि भुंगा, गाल दाबले गेलेले, डोळे मोठे करून हिच्या हातांकडे बघत असायचा. पहिल्या रविवारी तिचे हात हवेतच राहिले. त्याच आठवड्यात आरशासमोर त्याला उलटी झाली होती, ‘ई’ काढता काढता. ते तिने पाहिलं होतं. ती काही फार विचार करणारी मुलगी नव्हती, पण आता काय सांगायचं नाही एवढं तिला कळलं. पडद्यावर मुलगा तोंड उघडून उभा होता आणि ढग नाहीसे होत होते. तिने हातांनी सांगितलं, ‘तो ढग खातोय.’ भुंग्याने पडद्याकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. ते अगदी पटण्यासारखं होतं. मागची मुलंही आता तोंडं उघडून उभी होती आणि आकाश भराभर मोकळं होत होतं. ‘सगळे खातायत,’ ती म्हणाली. ‘आवाजाबिवाजाचं काही नाही. राणीच्या बरण्यांत मुरंबा आहे.’ मग त्याने आईकडे बोट करून विचारलं, ही का रडतेय? तिने सांगितलं, ‘आनंदाने. म्हणतेय, तू अगदी त्या मुलासारखा आहेस. असाच राहा.’ भुंग्याच्या घशातून गुणगुण सुरू झाली. आईने डोळे पुसत हिला विचारलं, “सांगितलंस ना नीट?” ती म्हणाली, “हो.”

एकदा केलं असतं तर पोरखेळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण मग दर रविवारी तेच सांगावं लागलं, कॅसेट झिजून पट्टे यायला लागेपर्यंत, आणि तोवर ‘ढग खाणं’ हा त्यांच्या भाषेतला एक पक्का शब्द झाला होता. अवघड काही करायचं असलं की भुंगा म्हणायचा, ढग खाऊ. परीक्षेला जाताना म्हणायचा. छापखान्यात नोकरीच्या पहिल्या दिवशी म्हणाला. लग्नात त्याने बायकोला हाच शब्द पहिल्यांदा शिकवला. पुढे ती दोघं वेगळी झाली तेव्हा बहिणीच्या दारात उभं राहून त्याने एवढंच सांगितलं, मोठा ढग आहे, खातो. आणि आई आजारी पडली, दवाखान्यात शेवटचे आठ दिवस राहिले, तेव्हा पलंगाशी बसून त्याने आईसमोर हात हलवून म्हटलं, ढग खा. आईने विचारलं, “काय म्हणतोय गं?” ती म्हणाली, “आराम कर म्हणतोय.” आई काहीतरी पुटपुटली. “असंच बोलला असता तोंडाने तर,” ती म्हणत होती. भुंग्याने विचारलं, काय म्हणाली? आणि तिने सांगितलं, ‘खाते म्हणतेय.’ त्या पलंगाच्या एका बाजूला तो होता, दुसऱ्या बाजूला आई, आणि मधे ही, सगळं आयुष्य तिकडचं इकडे आणि इकडचं तिकडे करत, आतलं कुणालाच कळू न देता. आई गेल्यावर भुंगा आपल्या मुलीला सांगायचा, आजी तेवढ्या एका सीनला रडायची, माझं तोंड धरून रडायची, मी असा आहे म्हणून तिला इतका आनंद व्हायचा. त्याच्याजवळ आईची तेवढीच एक गोष्ट होती.

म्हणून मंगळवारपासून तिला झोप लागेना आणि जागंही धड राहता येईना. सिनेमाचं काय, सिनेमा गेला खड्ड्यात. भुंगा ‘आई’ हा शब्द पडद्यावर वाचेल, आणि वाचल्या वाचल्या त्याला कळेल की आई का रडत होती. चौतीस वर्षं जपून ठेवलेलं आईच्या त्या दोन हातांचं धरणं क्षणात उलट्या अर्थाचं होईल. त्याच्या बहिणीचं खोटं उघडं पडणं ही त्यातली लहान गोष्ट. ही गोष्ट लहान आहे असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, यावरूनच ती गोष्ट किती लहान होती ते कळत होतं.

बुधवारी तिने हेडफोन लावले आणि कामाला बसली. स्वच्छ केलेल्या प्रिंटमध्ये ट्रामला बांधलेल्या तारा दिसत होत्या. ढग म्हणजे रंगवलेला कापूस, राणीच्या बाहीखाली तिचं मनगटी घड्याळ. कंडक्टरची मिशी एका दृश्यात डावीकडे कलंडलेली, आणि त्या बिचाऱ्याचे डोळे फार दमलेले. लहानपणी हाच माणूस तिला जगातला सगळ्यात आनंदी माणूस वाटत असे. तिला वाईट वाटलं, पण ते नेहमीचं वाईट वाटणं होतं, जुन्या शाळेचं पटांगण चिमुकलं निघतं तसलं. त्याने काही बिघडत नाही. ती भराभर लिहीत गेली. [ट्रामची घंटा.] [बरण्या एकमेकींवर आपटतात.] शेवटचं गाणं आलं तसं तिने थांबवलं, उठली, चहा करून आणला, टेबलाचा खण आवरला, वाळलेली तीन पेनं कचऱ्यात टाकली. मग पुन्हा बसली आणि गाणं ऐकलं. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की हे गाणं आपण कधी ऐकलेलंच नाही. दर रविवारी ते चालू असताना ती हात हलवत होती, भुंग्याच्या डोळ्यांकडे बघत होती, आईचं रडणं ऐकत होती. गाणं बरं होतं. मुलाचा आवाज मुलाचा नव्हताच, कुणीतरी मोठी बाई लहान होऊन गात होती, आणि एका ठिकाणी ती सुराला जरा कमी पडत होती. ‘आई, ऐक, मी आलो, माझी हाक घेऊन आलो.’ तिने तेवढं चार वेळा ऐकलं. मग तिथल्या अक्षरांच्या चौकटीत तिने लिहिलं, [मुलगा ढग खातो.] आणि पुढच्या चौकटीत लिहिलं, [सगळे ढग खातात.] आणि फाईल पाठवून दिली.

गुरुवारी तपासनीस बाई तिच्या टेबलाशी आल्या. या बाई निवृत्तीला आलेल्या, गळ्यात साखळीला चष्मा, आणि कुणाचीही चूक काढताना आवाज इतका मऊ की समोरच्याला वाटावं आपलं कौतुक चाललंय.

“तब्येत बरी आहे ना तुझी?”

“बरी आहे की.”

“नाही, म्हणजे अकरा वर्षांत तुझा एक काना चुकलेला मी पाहिला नाही, आणि एकदम ढग खातो म्हणजे काय? तिथे गाणं आहे बाळा. अख्खं तीन मिनिटांचं.”

“दिसतं तसं,” ती म्हणाली. “आवाज बंद करून बघा. खाताना दिसतो.”

बाईंनी खरंच आवाज बंद करून पाहिलं. वाकून, चष्मा लावून, शेवटपर्यंत पाहिलं. “दिसतो खरा,” त्या म्हणाल्या. “गोड आहे. पण आपल्याला ते लिहायचा हक्क नाही. ऐकू येणाऱ्याला जे मिळतं ते त्यालाही मिळालं पाहिजे. तूच सांगतेस ना हे सगळ्यांना?” तिने मान हलवली. बाई गेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “कुणी आहे का गं घरचं?” ती म्हणाली, “भाऊ.” बाईंनी चष्मा गळ्यात सोडला आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून दे म्हणाल्या. तिने दुरुस्त केलं. आई, स्वल्पविराम, ऐक, स्वल्पविराम, मी आलो. दोन ओळी, पाच सेकंद. इतकं सोपं वाक्य लिहायला तिला अर्धा तास लागला.

शुक्रवारी ती छापखान्यात गेली. आधीच सांगून टाकावं, रविवारची वाट बघू नये, असं ठरवून गेली. भुंगा मशीनपाशी उभा होता, तळहात लोखंडावर टेकवून. मशीनचं काय दुखतंय ते त्याला असं हात लावून कळतं, आणि मालक दुसऱ्या कुणाला त्या मशीनला हात लावू देत नाही. डाव्या बाजूला पत्र्यावर कधीपासून एक कागद चिकटवलेला, कडा शाईने काळ्या झालेल्या, त्यावर मुलीने काढलेलं चित्र, आ वासलेला मुलगा आणि अर्धा खाल्लेला ढग. तिला बघून तो हसला, हात पुसले. ‘आज इकडे कशी?’

‘रविवारी नाही गेलो तर?’ ती म्हणाली. ‘फार जुना आहे रे. तारा दिसतात. हिरमोड होईल.’

‘तारा मला तेव्हाही दिसायच्या,’ तो म्हणाला. ‘तुला नाही दिसल्या?’

तिने हात वर केले, आणि ते पहिल्या रविवारसारखे हवेतच राहिले. तो वाट बघत होता. इतक्यात मशीन थडथडलं, त्याने झटकन तळहात टेकवला, आणि तोंड फिरवल्यावर त्याला काही सांगता येत नसतं, ही सोय तिने आयुष्यभर वापरली होती, तशी आताही वापरली. ती जिना उतरली आणि चुकीच्या बाजूला दोन चौक चालत गेल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

रविवारी थिएटर निम्मं भरलं होतं. मधे भुंगा, एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला त्याची मुलगी. पोर ऐकू येणारी, नऊ पुरी होऊन दहावं लागलेली, चुरचुरीत. दाराशी तिकीट तपासणाऱ्याने काहीतरी विचारलं ते तिनेच बापाला हातांनी सांगितलं, बापाचं उत्तर त्याला सांगितलं, आणि दोघंही खूश झाले. अंधार झाला. ट्राम उडाली. भुंगा पडदा बघत होता, अक्षरं वाचत होता, आणि थोड्याच वेळात त्याच्या कपाळाला आठ्या पडायला लागल्या. बरण्या आल्या. ‘या आवाजाच्या बरण्या आहेत,’ असं राणी म्हणाली आणि ते अक्षरांत उमटलं. त्याने वळून बहिणीकडे पाहिलं आणि अंधारात छोटासा हात केला, ‘मुरंबा?’ ती समोर बघत राहिली.  त्याची गुणगुण थांबली होती. शेवट आला, फडताळ कोसळलं, मुलगा पायरीवर उभा राहिला, तोंड उघडलं. खाली अक्षरं आली, तिनेच लिहिलेली, स्वल्पविरामासकट. पाच सेकंद. तिने भुंग्याकडे पाहिलं नाही. त्याच्यापलीकडे पोरीचे ओठ मात्र गाण्याबरोबर हलत होते, गाणं तिला आधीच पाठ होतं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. लोक पांगले. भुंगा कठड्याला टेकून उभा राहिला आणि चिडून, मोठ्या हातांनी म्हणाला, ‘ज्याने कुणी लिहिलंय त्याने घाण करून ठेवलीय. बरण्यांपासून सगळं चुकलंय. शेवट तर पार वाट लावलीय. तुझ्याच ऑफिसातल्या कुणा नव्याचं काम असणार. उद्या जाऊन सांग त्यांना, खरं काय आहे ते.’

इतका त्याचा तिच्यावर विश्वास होता. अजूनही वेळ होती. ‘सांगते’ एवढाच शब्द, एका हाताचा, आणि सगळं होतं तिथे राहिलं असतं.

‘मी लिहिलंय,’ ती म्हणाली.

तो थांबला. ‘कोणतं?’

‘दोन्ही. हे, आणि ढगांचंही.’

तो तिच्या हातांकडे बघत राहिला, ते आणखी काही म्हणतील अशा अपेक्षेने. मग त्याने दोन बोटांनी स्वतःच्या गालांना स्पर्श केला. त्यांच्या भाषेत हा आईचा शब्द होता, तिच्या त्या धरण्यावरून झालेला. आणि त्याने भुवया वर केल्या. तिने सांगितलं. पहिल्यांदाच, काही न गाळता, आईचे शब्द जसे होते तसे. बघ, तो बोलला. त्याने आईला हाक मारली. तूसुद्धा बोलशील. सांगून झाल्यावर तिने दवाखान्यातलंही सांगितलं, कारण आता हात थांबत नव्हते. ती रडत होती, आणि रडताना हातांनी बोलता येतं ही एक बरी गोष्ट होती.

भुंगा खाली वाकला. त्याने पायरीवरचं कुणाचं तरी तिकीट उचललं, दुमडलं, पुन्हा उलगडलं. त्याचा चेहरा इतका उघडा पडला होता की तिने तो तसा कधी पाहिला नव्हता, आईच्या वेळीही नाही. शेवटी त्याने विचारलं, ‘तेव्हा तू किती वर्षांची होतीस?’

तिने दोन्ही हातांची बोटं उघडून दाखवली.

त्याने ती दहा बोटं पाहिली. मग त्याची नजर हळूहळू वळली, खाली, दोन पायऱ्यांवर बसून बुटाची नाडी बांधणाऱ्या मुलीकडे. मघापासून नाडी बांधून झालेली होती आणि ती सगळं बघत होती. तिकीट तपासणाऱ्याशी बोलणारी, दुकानात, शाळेत, फोनवर, बापाच्या आणि जगाच्या मधे उभी राहणारी पोर. भुंगा तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. हात अगदी सावकाश हलवत त्याने तिला विचारलं, ‘आणि तू? तू मला काय काय बदलून सांगतेस?’

पोरीने बापाकडे पाहिलं नाही. तिने आत्याकडे पाहिलं.